बुलेट ३५० ची ५०० करायची? मग आधी क्रँककडे बघा

बुलेटवाल्या पोरांच्या गप्पांमध्ये एक विषय हमखास निघतो. साडेतीनशेची पाचशे करायची. मोठा ब्लॉक, मोठा पिस्टन, कार्ब्युरेटर बदलायचा, की गाडी उडायला लागते म्हणतात. आता उडते हे खरंय. पण किती दिवस, हा खरा विषय आहे.

आधी गणित बघू. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. बुलेट ५०० चा स्ट्रोक तोच, फक्त बोअर ८४ मिमी, झाले ४९९ सीसी. २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीसाठी रॉयल एनफिल्डने बोअर ८७ केला, स्ट्रोक परत ९० च. झाले ५३५ सीसी. हे आकडे बघून कुणालाही वाटेल की भोक मोठं केलं की काम झालं.

पण त्या भोकाखाली काय चाललंय ते बघा.

७० मिमीच्या पिस्टनचा माथा साडेअडतीस चौरस सेंटीमीटरचा, ८४ चा पंचावन्नच्या पुढे. समजा, पेट्रोल पेटल्यावर दर चौरस सेंटीमीटरला ५० किलोचा दाब आला. आधी जिथे साधारण १,९०० किलोचा दणका बसत होता, तिथे आता २,७०० च्या वर बसतो. हा दणका पिस्टन अंगावर ठेवत नाही. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकपिनवर आणि तिथून मेन बेअरिंगवर उतरवतो.

दणक्यापेक्षा वाईट म्हणजे ओढ. वर जाणारा पिस्टन टोकाला थांबवून परत खाली खेचावा लागतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरले, तरी ५,५०० आरपीएमला रॉडवर साडेसातशे किलोच्या आसपास ओढ येते. आरपीएम ६,५०० वर नेला की हीच ओढ हजार किलोच्या पुढे जाते, कारण ती आरपीएमच्या वर्गाने वाढते. रॉड तुटतात ते बहुतेक या ओढीने. तुटलेला रॉड केस फोडून बाहेर येतो, किंवा इंजिन जाम करून मागचं चाक जागेवर लॉक करतो. हायवेला शंभरच्या स्पीडला याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

म्हणून हाफ इंजिनवर भागत नाही, फुल इंजिन उघडावं लागतं.

सिंगल सिलिंडरचा क्रँक म्हणजे दोन फ्लायव्हील आणि मधे घट्ट बसवलेली क्रँकपिन. ताकद वाढली की ही पिन आपल्या जागेत किंचित फिरते. दोन्ही बाजू एका रेषेत राहत नाहीत, गाडी थरथरते आणि मेन बेअरिंग खाल्ली जातात. काही जण पिनला वेल्डिंग मारून मोकळे होतात. ड्रॅग रेसच्या गाडीला ठीक आहे, पण रोजच्या गाडीत पुढच्या वेळी तो क्रँक उघडणार कोण? त्यापेक्षा चांगली फोर्ज्ड रॉड, नवी पिन आणि नीट ट्रू केलेला क्रँक बरा. क्रँक सेंटरवर धरून डायल गेज लावायचा आणि मिमीच्या शंभराव्या भागात मोजत, ठोकत तो सरळ आणायचा. हा हात प्रत्येक लेथवाल्याकडे नसतो. पैसे वाचवायचे तर सायलेन्सरवर वाचवा, इथे नाही.

जुन्या बुलेटचा आणखी एक मुद्दा आहे. तिच्या रॉडच्या खालच्या टोकाला रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश असतो. असा बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. थर तुटला की धातूला धातू घासतो आणि तुम्हाला खालून ठोकल्यासारखा आवाज येतो. भार वाढवायचा तर तेलाचा पुरवठाही वाढवायला हवा, म्हणून जास्त क्षमतेचा ऑइल पंप बसवतात. दुसरा मार्ग रोलर बिग एंडचा. रोलरला तेल थोडं कमी पडलं तरी तो तग धरतो.

मोठा पिस्टन जड असतो, त्यामुळे बॅलन्सही बिघडतो. सिंगलमध्ये तो शंभर टक्के जुळवता येतच नाही. पिस्टनकडच्या वजनाचा ठरावीक हिस्सा फ्लायव्हीलवर पेलायचा असतो. पिस्टन बदलून फ्लायव्हील तसंच ठेवलं, की हँडल धरलेले हात अर्ध्या तासात मुंग्या येऊन सुन्न होतात. मग फ्लायव्हीलला भोकं पाडून किंवा जड धातूचे तुकडे बसवून हिशोब परत जुळवतात.

राहिली केस. जाड स्लीव्हचा ब्लॉक बसवायला क्रँककेसचं तोंड कापावं लागतं आणि कापलं की भिंत पातळ होते. स्टडच्या जवळ किती धातू उरतो, हे मोजूनच मशीनवर चढवायचं. एकदा कापलेली केस परत भरून येत नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट गॅरेजवाला सहसा सांगत नाही. आरसी बुकात सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीशी न जुळणारा बदल मान्य करत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय थर्ड पार्टी विम्याचे स्लॅब सीसीवर ठरतात. १५० ते ३५० चा एक आणि ३५० च्या वरचा वेगळा. म्हणजे ३४६ ची ४९९ केलेली गाडी कागदावर एका स्लॅबमध्ये आणि रस्त्यावर दुसऱ्या. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा हेच बघतो.