थंडीत मोटार का रुसते?

थंडीच्या पहाटे एखादी जुनी अँबॅसडर किंवा पद्मिनी काही केल्या चालू होत नाही. चालक पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतो. इंजिन नुसते घुरघुरते आणि पेट्रोलचा उग्र वास सुटतो. असे का होते बरे?

पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात, आणि जळताना त्याला वजनाने सुमारे १५ पट हवा लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. थंडीत मात्र वाफ कमी होते. पेट्रोलचे थेंब नळीला आतून चिकटून राहतात. म्हणून 'चोक' ओढतात. त्याने हवेच्या वाटेवरची झडप मिटते. हवा कमी, पेट्रोल जास्त येते.

पण ॲक्सिलरेटर दाबला की दर वेळी पेट्रोलची पिचकारी आत उडते. ती अति झाली की स्पार्क प्लग भिजतो आणि ठिणगी पडत नाही. वर स्टार्टर फिरवून बॅटरीही उतरते!

दोष ओळखायचा कसा? जाणत्याने प्लग काढून पाहावा. कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही. ओला असेल, तर ते जास्त झाले. मग चोक आत ढकलून दहा मिनिटे थांबावे आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर फिरवावा. भरपूर हवा शिरते व जादा पेट्रोल निघून जाते.

एक मात्र लक्षात ठेवा : पेट्रोलचा वास येत असताना जवळ काडी पेटवू नका. इंजिनात न पेटलेली वाफ बाहेर क्षणात भडकते!