जुन्या मोटारीतील मार्गदर्शक यंत्र आणि नवे नकाशे

१९५८ च्या ऑक्टोबर महिन्यापासून आपल्या देशात मेट्रिक वजने प्रचारात येऊ लागली. त्यासाठी कोणा सराफास आपला तराजू मोडीत काढावा लागला नाही. दांडी तीच राहिली, पारडी तीच राहिली. तोळा, मासा व गुंज यांच्या जागी ग्रॅमची वजने आली, इतकेच. आपल्या पुष्कळ सभासदांच्या मोटारींत दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसविलेले जे मार्गदर्शक यंत्र, म्हणजे जीपीएस, आहे त्याची स्थिती आज नेमकी अशीच आहे. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ दिसतो, आवाजही खणखणीत आहे. जुनी झाली आहेत ती त्यातील वजने, म्हणजे नकाशे. ती बदलू जावे तर यंत्र सांगते की जागा पुरेशी नाही. अशा वेळी नवे यंत्र विकत घेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. जुन्यातच काय करता येईल याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकाशातील उपग्रह आपल्याला रस्ता दाखवितात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः उपग्रहास रस्त्याची काहीएक माहिती नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह केवळ वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संकेत पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास किती अवधी लागला, यावरून यंत्र आपले स्थान काढते. आपण राजवाड्यापाशी उभे असाल तर यंत्रास एवढेच कळते की उत्तर अक्षांश सुमारे २२ अंश ४३ मिनिटे व पूर्व रेखांश सुमारे ७५ अंश ५१ मिनिटे. हा राजवाडा, हा खजुरी बाजार, ही सराफ्याची गल्ली, ही माहिती यंत्राच्या पोटातील नकाशातून येते. उपग्रहांची सेवा विनामूल्य व नित्य ताजी असते. नकाशा मात्र ज्या दिवशी भरला त्या दिवसाचाच राहतो.

आणि आपल्या भागातील रस्ते तर एका जागी राहिलेले नाहीत. मुंबई-आग्रा मार्गास आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या ‘तीन नंबर’ म्हणत आलो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांस नवे क्रमांक दिले गेले आणि इंदूरहून धुळ्याकडे जाणारा तोच रस्ता ५२ क्रमांकाचा झाला. शहरात २०१३ साली आग्रा-मुंबई रस्त्यावर जलद बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर ती काढण्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे २०१२ चा नकाशा ती मार्गिका जाणत नाही, आणि २०१६ चा नकाशा ती गेल्याचे जाणत नाही. मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी त्याहून मोठा बदल समृद्धी महामार्गाचा आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नाशिककडून येणाऱ्यास आता कसाऱ्याचा घाट टाळता येतो. जुने यंत्र या मार्गावर चढताच गोंधळून जाते. मोटार शेतातून धावत आहे असे त्यास दिसते आणि ते पुनःपुन्हा मागे वळण्यास सांगते.

मागे वळण्याची ही आज्ञा केवळ हास्यास्पद नाही. धामणोदच्या अलीकडील गणेश घाटाच्या तीव्र उतारावर मालमोटारींचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे भीषण अपघात होत आले. उतरणाऱ्या वाहनांसाठी तेथे वेगळा मार्ग बांधून तो २०२४ च्या अखेरीस खुला करण्यात आला. जुना नकाशा ज्याच्या मोटारीत आहे त्यास यंत्र जुन्याच घाटाकडे बोलावील. म्हणून जेथे रस्त्यावरील फलक एक सांगतो व यंत्र दुसरे, तेथे निःसंशय फलकाचे ऐकावे, हे चालकास व घरातील तरुण मंडळींस आधीच बजावून ठेवलेले बरे. जोखीम बरोबर घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याने रात्रीच्या वेळी अनोळखी वाटेवर मोटार थांबवून पत्ता विचारीत उभे राहणे किती धोक्याचे आहे, हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको.

गावांच्या नावांचीही अशीच अडचण होते. अहमदनगर आता अहिल्यानगर आहे, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर आहे, आपले महू डॉ. आंबेडकर नगर आहे. जुन्या यंत्रात नवे नाव लिहिले तर ते ‘स्थळ सापडत नाही’ म्हणते. नवा नकाशा मिळेपर्यंत जुन्या नावाने शोधावे, हा साधा उपाय होय.

आता जागेच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. त्या काळातील अनेक यंत्रांत दोन अथवा चार गिगाबाइट एवढीच साठवण असे. नकाशा दर आवृत्तीस वाढत जातो, कारण रस्ते वाढतात, वळणे वाढतात, दुकाने व पेट्रोल पंप नोंदले जातात. भरलेल्या खतावणीत नवे खाते मांडावयाचे तर प्रथम कोणती पाने अनावश्यक आहेत ते पाहावे लागते. यंत्र संगणकास जोडून आतील सामग्री पाहिली तर आश्चर्य वाटते. वीस-पंचवीस भाषांतील आवाज त्यात साठविलेले असतात! इंदूरहून सेंधव्यास जाणाऱ्या गृहस्थास फिनिश भाषेत ‘उजवीकडे वळा’ ऐकण्याचा योग केव्हा येणार? आपल्या उपयोगाचे एक-दोन आवाज ठेवून बाकीचे काढावेत. निरनिराळ्या मोटारींची चित्रे, परदेशी भाषांतील माहितीपुस्तके, इमारतींची त्रिमिती दृश्ये हीदेखील बरीच जागा अडवितात. चौकांची चित्रे मात्र जपून काढावीत. उड्डाणपुलाखाली कोणती बाजू धरावी हे त्यांवरूनच लवकर उमगते.

काढण्यापूर्वी यंत्रातील समग्र सामग्रीची प्रत संगणकावर करून ठेवावी, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. नकाशाच्या धारिकेबरोबर परवान्याची एक छोटी धारिका असते व ती त्याच यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली असते. ती चुकून पुसली गेली तर नकाशा असूनही उघडत नाही. तिजोरी घरात आणि किल्ली विहिरीत, असा प्रकार होतो. आपण जतन केलेली ठिकाणेही त्याच प्रतीत सुरक्षित राहतात.

एवढे करूनही जागा पुरली नाही तर दोन मार्ग उरतात. काही कंपन्यांच्या नकाशात प्रदेश निवडण्याची सोय असते. समग्र देशाऐवजी पश्चिम व मध्य भारत घेतला तर बहुतेकांचे काम भागते. ज्यांचा माल जयपूर वा कोइमतूरकडून येतो त्यांनी तो विचार आधी करावा. दुसरा मार्ग मेमरी कार्डाचा. यंत्राच्या कडेस कार्डाची खाच असेल तर नवा नकाशा कार्डावर ठेवता येतो. तथापि बाजारात जाऊन सर्वांत मोठे कार्ड आणणे हा येथे शहाणपणा नव्हे. अगदी जुनी यंत्रे २ गिगाबाइटपर्यंतचीच कार्डे वाचतात. त्यानंतरची एसडीएचसी जातीची, म्हणजे ३२ गिगाबाइटपर्यंतची, वाचतात. त्याहून मोठे कार्ड घातल्यास यंत्र ते ओळखतच नाही. कार्डाची मांडणी ‘फॅट ३२’ पद्धतीची असावी लागते, आणि त्या पद्धतीत कोणतीही एक धारिका ४ गिगाबाइटपर्यंतच असू शकते. आठ वा सोळा गिगाबाइटचे चांगल्या कंपनीचे कार्ड बहुधा योग्य ठरते. ज्या मोटारींत यंत्र कारखान्यातूनच बसविलेले असते, त्यांतील कार्ड अनेकदा त्या यंत्राशीच जोडलेले असते. त्याची नक्कल दुसऱ्या कार्डावर चालत नाही, म्हणून तेथे विक्रेत्याकडेच जावे. रस्त्यावर ‘सर्व भारताचे नकाशे’ म्हणून भरलेली कार्डे विकणाऱ्यांपासून दूर राहावे. शिक्का नसलेले सोने आपण गिऱ्हाइकास देत नाही. मग असली कार्डे आपण का घ्यावीत?

नकाशा भरताना दोन-तीन तास सहज जातात. मध्येच तार निघाली अथवा वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकते. म्हणून हे काम पेढी उघडी असताना गडबडीत करू नये. पूर्ण भारित लॅपटॉप घेऊन सुट्टीच्या दिवशी बसावे, आणि नकाशापूर्वी यंत्राची मूळ आज्ञावली अद्ययावत करावी. त्यास एक विशेष कारण आहे. उपग्रहांच्या संकेतातील आठवड्यांचा हिशेब १०२४ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. असा फेर ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झाला. ज्या जुन्या यंत्रांत त्याची तजवीज नव्हती, ती सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. आपले यंत्र चुकीची तारीख दाखवीत असेल तर दोष बहुधा येथेच असतो.

‘आजीवन नकाशे’ असे खोक्यावर छापलेले पाहून निश्चिंत असणाऱ्यांस एक गोष्ट कळविणे भाग आहे. हे आयुष्य यंत्राचे, मालकाचे नव्हे. आणि ते किती हे कंपनी ठरविते. टॉमटॉम या डच कंपनीने २०१८ च्या आरंभी आपल्या काही जुन्या यंत्रांना नवे नकाशे देणे थांबविले. त्यांची क्षमता नव्या नकाशांना पुरत नाही, हेच कारण तिने दिले. ज्यांच्या यंत्रास कंपनीने असे वाऱ्यावर सोडले असेल त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकवर्गणीसारख्या उपक्रमाची माहिती करून घ्यावी. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक नकाशा भरतात, आणि गार्मिनच्या अनेक यंत्रांत चालतील असे त्याचे नकाशे विनामूल्य मिळतात. गल्लीबोळांच्या बाबतीत त्यात काही ठिकाणी उणीव आढळते. महामार्गासाठी ते पुष्कळदा पुरे पडतात.

मोबाईल असता हा खटाटोप कशासाठी, असे तरुण वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. शहरात मोबाईलच सरस, कारण रहदारीची ताजी वार्ता त्यावर मिळते. परंतु घाटात संपर्क तुटतो, उन्हात तो तापतो, आणि व्यापाऱ्याचा फोन वाटेत दर पाच मिनिटांनी वाजत असतो. जुने यंत्र एकच काम करते व ते करीत राहते. मात्र नव्या नकाशाची किंमत यंत्राच्या आजच्या मोलाहून अधिक होत असेल, तर तेथे पैसा घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या सराफ्यापुरते म्हणाल तर येथे कोणताही नकाशा अपुराच पडणार. उंच इमारतींच्या भिंतींवरून संकेत परावर्तित होतात आणि यंत्र आपल्याला शेजारच्या गल्लीत नेऊन बसविते. दिवसा जो सोन्याचांदीचा रस्ता, तोच पेढ्या बंद झाल्यावर भुट्ट्याचे कीस, गराडू आणि जिलेबी यांचा बाजार होतो. नकाशाला तो रात्रंदिवस वाहनांचा रस्ताच वाटतो. पाहुण्यांना यंत्राच्या भरवशावर रात्री नऊनंतर पेढीपर्यंत मोटार आणण्यास सांगू नये. राजवाड्यापाशी उतरवून घ्यावे.

शेवटी, जुनी मोटार विकताना होणाऱ्या एका दुर्लक्षाकडे लक्ष वेधतो. यंत्रात ‘घर’ म्हणून आपले घर, ‘काम’ म्हणून पेढी, आणि कारागिरांची ठिकाणे नोंदलेली असतात. कोणत्या वाटेने किती वाजता गेलो याची नोंदही अनेक यंत्रे ठेवतात. आपली रोजमेळाची वही आपण कोणा अपरिचिताच्या हाती देत नाही. ही नोंद तिच्याहून कमी नाजूक नाही. मोटारीची किल्ली देण्यापूर्वी यंत्र मूळ स्थितीस आणावे, कार्ड काढून घ्यावे, आणि यंत्र पुन्हा चालू करून जतन केलेल्या ठिकाणांची यादी रिकामी झाली की नाही ते स्वतः पाहावे.