अतिसंवाहक तारेतील उष्णताजन्य विकृती

इ. स. १९११ मध्ये लायडेन येथे कॅमरलिंग ओनेस यांस अतिशीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा झालेला आढळला. तेव्हापासून तार पुरेशी थंड केली म्हणजे झाले, असेच आपण वर्गात सांगतो. आमच्या मते हे अपुरे आहे. नायोबियम व कथील यांचे संयुग घ्या. ते विलक्षण ठिसूळ. म्हणून मूळ धातूंच्या तारेचे वेटोळे आधी वळतात आणि मग सुमारे ६५० अंश सेल्सिअसला कित्येक दिवस भाजून संयुग घडवितात. पुढे तीच तार उणे २६९ अंशांपर्यंत निववावयाची! या नऊशे अंशांच्या उतारात भोवतालचे तांबे, कासे व पोलादी वेष्टन संयुगाहून अधिक आकसतात आणि त्यास आवळतात. लांबीतील शेकडा अर्ध्या भागाचा हा संकोचही, प्रबळ चुंबकक्षेत्रात, तारेची प्रवाहमर्यादा पुष्कळ घटवितो. मौज अशी की, तार किंचित ओढली असता आवळण सैलावते व मर्यादा पुन्हा वाढते. फाजील ओढल्यास मात्र तंतू तडकतात, ते कायमचेच. फ्रान्समधील इटर प्रकल्पाच्या मध्यवर्ती चुंबकासाठी इ. स. २०१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये तपासलेले केबलचे नमुने चुंबकीय भाराच्या आवर्तनांगणिक क्षीण होत गेले. आधीच आवळलेल्या तारा त्या भाराने वाकत होत्या. पुढे केबलचा पीळ अधिक घट्ट केला, तेव्हा ती टिकली. दोर वळणाऱ्यास यात नवल वाटू नये.