लेक व्ह्यूचे अकरा हजार

मॅनेजर पडदा सरकवतो. "हा तुमचा लेक व्ह्यू, मॅडम."

आम्ही तिघं काचेपाशी उभे. समोर भेगाळलेली तांबडी माती, तिच्यावर म्हशी, आणि म्हशींच्याही पलीकडे पाण्याची एक चकाकती पट्टी. आत्या चष्मा पुसते, पुन्हा बघते. "तळं कुठंय?"

"मे महिना ना, आजी. पाणी जरा आत गेलंय."

आत नाही, खाली गेलंय. मुळशीचं हे धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. सेनापती बापटांनी 1921 साली मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तो याच धरणाविरुद्ध. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. उन्हाळ्यात काठ उघडे पडणारच. मी हे आत्याला सांगतेय, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावतो आणि थांबतो.

"वीज गेली," नवरा म्हणतो.

आत्या तळ्याकडे बघते, पंख्याकडे बघते, काही बोलत नाही.

जनरेटर सुरू होतो, तोही नेमका आमच्या खिडकीखाली. दिवे लागतात, पंखा फिरतो, एसी मात्र ढिम्म. तो जनरेटरवर चालत नाही म्हणे. खोलीचं भाडं 9,500 रुपये. साडेसात हजारांच्या वर म्हणून 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,210. त्यात एसी धरलेला आहे की नाही, असं मी विचारते. मॅनेजर मान अशी हलवतो की हो म्हणाला की नाही, ते कळू नये.

संध्याकाळी आवारात फिरतो. बैलगाडी आहे, बैल नाहीत. विहीर आहे, वाकून बघितलं तर हातभर खोलीवर सिमेंटचा तळ आणि त्यात वेफर्सची पाकिटं. जात्यावर कुंडी ठेवलीय. आत्याचं अर्धं आयुष्य भोर तालुक्यात, खऱ्या जात्यावर दळण्यात गेलं. ती कुंडी उचलून खाली ठेवते, खुंटा चाचपते. खुंटा चिकटवलेला आहे, जातं फिरतच नाही. पोहण्याच्या तलावाला दोरी बांधून 'देखभाल सुरू' अशी पाटी लावलीय. देखभाल करताना मात्र कोणी दिसत नाही.

जेवायला 'अस्सल गावरान थाळी'. वाढणारा मुलगा ओडिशाचा, बिचारा फार नम्र. पिठलं संपलंय, असं तो आधीच सांगून टाकतो. त्याऐवजी पनीर आहे. भाकरी येते ती थंड, कडेला कडक, मधे चिवट, आणि तिच्यावर बटरची चौकोनी वडी. आत्या तुकडा मोडते, चावते, बराच वेळ चावते.

"पीठ जुनं आहे," ती निकाल देते. "आणि थापलेली नाही, लाटलीय."

"आजी, दुसरी आणू?" मुलगा विचारतो.

"नको रे बाळा. तू जेवलास का?"

तो लाजून हसतो. त्यांचं जेवण साडेअकरानंतर, डाळ-भात.

रात्री हिरवळीवर कुणाच्या तरी हळदीचा डीजे. जनरेटर आणि डीजे, दोघांची चढाओढ. नवरा रिसेप्शनला फोन लावतो. घंटी वाजत राहते. अकराचे बारा वाजतात, आवाज कमी होत नाही. आत्या कानात कापूस घालून झोपते. सगळ्यांत शहाणी तीच.

सकाळी गरम पाणी सात ते नऊ. साडेसातला नळाला कोमट धार, पावणेआठला गार. पोहे बरे आहेत, हे सांगायला हवं. गरम आहेत, खोबरं ताजं आहे, लिंबाची फोडही आहे.

मग बिल. रात्रीच्या जेवणावर 'सेवा शुल्क' 10 टक्के. मी त्या ओळीवर बोट ठेवते. "हे काढा."

"सगळ्यांनाच लावतो, मॅडम."

"2022 पासून आपोआप लावता येत नाही."

मॅनेजर एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या रांगेकडे बघतो आणि एक शब्द न बोलता नवं बिल छापतो. मुद्दा पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा तो मुळीच दिसत नाही. मागचे गृहस्थ लगेच आपलं बिल उघडतात. बिलातून वाचलेले पैसे आत्या त्या ओडिशाच्या मुलाच्या हातात ठेवते.

लेक व्ह्यूचे पैसे काही परत मिळत नाहीत. सेवा शुल्काचं मात्र लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये कायम ठेवलेत. हॉटेलवाला ऐकत नसेल, तर काउंटरवरूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावा. आणि मुळशीला तळं बघायचं असेल, तर पाऊस सरल्यावर जा.