मुरमांच्या गोळ्या आणि उशिरा उमटणारा धोका

मुरमांवर प्रतिजैविके घेणाऱ्या बहुतेकांना मळमळ, अपचन किंवा उन्हाने त्वचा लवकर भाजणे यापलीकडे त्रास होत नाही. तरीही क्वचित उद्भवणाऱ्या, पण जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रिया ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण मुरूम हा जीवघेणा आजार नाही आणि या गोळ्या घेणारे बहुधा धडधाकट तरुण असतात.

टेट्रासायक्लिन गटातील मिनोसायक्लिनमुळे काही जणांना ‘ड्रेस’ नावाची प्रतिक्रिया होते. तिच्यात अंगावर पुरळ उठते, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात आणि यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस किंवा हृदय यांनाही इजा पोहोचते. ती औषध सुरू केल्यापासून साधारण 2 ते 8 आठवड्यांनी प्रकटते, त्यामुळे ताप, सुजलेला चेहरा आणि मानेतल्या गाठी यांचा संबंध महिन्याभरापूर्वीच्या गोळीशी चटकन जोडला जात नाही आणि निदान लांबते.

अन्य औषधे लागू न पडल्यास कधीकधी दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमोक्साझोलमध्ये सल्फा वर्गातील घटक असतो, आणि त्याच्याशी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. 1922 मध्ये अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी वर्णिलेल्या या विकारात आधी ताप, घसादुखी आणि डोळ्यांची जळजळ होते, मग त्वचेवर दुखरे, काळपट-लाल चट्टे उमटतात, ओठ व तोंड आतून सोलवटते आणि नुसत्या बोटाच्या घासण्यानेही त्वचेचा वरचा थर निसटतो. सोलवटलेला भाग शरीराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर हे नाव वापरतात. तो 30 टक्क्यांहून अधिक झाला की त्याला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ म्हणतात, आणि त्या अवस्थेत मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांपर्यंत जाते.

मिनोसायक्लिनचे काही परिणाम याहूनही उशिरा दिसतात: दीर्घकाळ घेतल्यावर सांधेदुखीसह ल्युपससदृश विकार किंवा यकृतदाह उद्भवू शकतो. शिवाय टेट्रासायक्लिन गटातील औषधांमुळे कवटीतील दाब वाढून तीव्र डोकेदुखी व अंधूक दिसणे संभवते. मुरमांवरील आयसोट्रेटिनोइनमुळेही हाच धोका असल्याने ही औषधे एकत्र देत नाहीत.

यांतील कोणत्याही विकाराची चाहूल लागताच संशयित गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना गाठणे, आणि ताप, सुजलेला चेहरा, तोंडातील फोड किंवा सोलवटणारी त्वचा दिसल्यास थेट रुग्णालयात जाणे, हाच पहिला उपचार होय. म्हणून गोळी लिहून देताना तिच्या दुर्मीळ धोक्याची खूण सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि औषधाचे नाव व ते सुरू केल्याची तारीख लिहून ठेवणे ही रुग्णाने स्वतःसाठी करायची साधी तजवीज आहे. कारण आठवड्यांनंतर आलेल्या तापाचे मूळ शोधताना हीच नोंद उपयोगी पडते.