केमो झाली, आता दम लागतोय? अशक्तपणा म्हणून सोडू नका, हृदयही तपासा

हिवरा आश्रम (ता. मेहकर) : कॅन्सरचा पेशंट केमो संपवून घरी येतो. काही दिवसांनी चालताना दम लागतो, पायावर सूज येते. घरचे म्हणतात, "अंगात ताकद नाही, होईल बरं." पण कधी कधी हे दुखणं हृदयाचं असतं.

असं का होतं? डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध स्तनाच्या आणि रक्ताच्या कॅन्सरवर दिलं जातं. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण काहींच्या हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं. एकूण डोस जितका जास्त, तितका धोका जास्त.

इटलीतल्या मिलान शहरात डॉ. डॅनिएला कार्डिनाले या हृदयरोगतज्ज्ञ कॅन्सरच्या हॉस्पिटलात काम करू लागल्या. त्यांच्यापुढे प्रश्न होता : हृदय कमजोर झाल्यावर कळून काय उपयोग? आधी कळेल का? हार्ट अटॅक ओळखायला रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात. तीच त्यांनी केमोच्या पेशंटवर केली. ट्रोपोनिन वाढलेल्यांना पुढे धोका असल्याचं दिसलं.

२००६ मध्ये त्यांनी अशा ११४ पेशंटचा अभ्यास मांडला. निम्म्यांना बीपीची एनालाप्रिल गोळी दिली, बाकीच्यांना नाही. वर्षभरात गोळी न घेतलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या हृदयाची ताकद बरीच घटली. गोळी घेतलेल्यांत एकाचीही नाही.

२०१० मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट कळली. हृदय कमजोर झालेल्या २०१ पेशंटपैकी ज्यांना केमोनंतर दोन महिन्यांच्या आत हृदयाचे उपचार मिळाले, त्यातले ६४ टक्के पूर्ण सावरले. सहा महिन्यांनंतर आलेल्यांत पूर्ण सावरलेला एकही नव्हता. म्हणजे उशीरच घात करतो.

मग काय करायचं?

• केमोआधी आणि नंतर इको करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.
• बीपी, शुगर किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर लपवू नका.
• केमोची फाईल जपून ठेवा. औषधाचं नाव आणि डोस त्यात असतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्या.
• दम, सूज, धडधड जाणवली तर लगेच दाखवा.
• मनानं केमो बंद करू नका, मनानं बीपीची गोळीही घेऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर आणि हृदयविकार, दोन्हींचे उपचार आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करता येते.