स्वतंत्र दाराची दानवसाहत

गरजूंना कायमचे राहता यावे म्हणून धर्मादाय पैशातून घरे बांधण्याची परंपरा युरोपात मध्ययुगापासून आढळते. भारतातील धर्मशाळेत वाटसरू दोन-चार दिवस टेकतो. या दानघरांत मात्र माणसे उरलेले आयुष्य काढत. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरातली 'फुगराय' ही वसाहत या परंपरेत विशेष मोलाची ठरते, कारण तिच्या रचनेत गरिबाच्या निवाऱ्याइतकाच त्याच्या मानाचाही विचार झालेला आहे.

ती उभारणारा याकोब फुगर हा त्या काळचा अत्यंत धनाढ्य सावकार होता. तांब्या-चांदीच्या खाणी, कापडाचा व्यापार आणि राजेरजवाड्यांना दिलेली कर्जे यांतून त्याची संपत्ती वाढली होती. १५०५ मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातही या घराण्याचे भांडवल होते. १५१६ मध्ये सुरू झालेल्या या वसाहतीचे दानपत्र त्याने १५२१ मध्ये स्वतःच्या आणि दिवंगत भावांच्या नावे केले, आणि १५२३ पर्यंत गवंडी थोमास क्रेब्स याच्या देखरेखीखाली ५२ घरे उभी राहिली.

सरळ गल्ल्यांच्या दुतर्फा एकाच नमुन्याची, एकमेकांना लागून असलेली ही दुमजली घरे साधी आहेत. नक्षी नाही, भपका नाही. प्रत्येक घरात खाली एक आणि वर एक असे दोन संसार राहतात, पण दोघांची दारे गल्लीवर वेगवेगळी उघडतात, त्यामुळे वर जाणाऱ्याला खालच्याच्या उंबऱ्यातून जावे लागत नाही. जिथे गरिबांची सोय म्हणजे एका दालनात ओळीने मांडलेल्या खाटा असे सर्रास समजले जाई, त्या काळात स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे दार देणे हा या वसाहतीचा खरा मोठेपणा होय. दाराशी घंटा वाजवण्यासाठी लोखंडी ओढणी असते आणि तिचा आकार दारागणिक निराळा असतो, म्हणजे दिवे नसलेल्या गल्लीत रात्री परतणाऱ्याला नुसत्या हाताच्या स्पर्शाने आपले घर ओळखता येई.

ही घरे भिक्षेकऱ्यांसाठी नव्हती. अडचणीत सापडलेल्या कष्टकरी, कॅथलिक आउग्सबुर्गकरांसाठी होती. वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन, म्हणजे तेव्हाचे एक नाणे, आणि त्याशिवाय दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना एवढेच रहिवाशाकडून अपेक्षित होते. संगीतकार मोझार्टचा पणजोबा, गवंडी फ्रान्झ मोझार्ट, सतराव्या शतकाच्या अखेरीस येथेच राहत होता.

फेब्रुवारी १९४४ मधील बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा बराच भाग जमीनदोस्त झाला, तेव्हा फुगर घराण्याने काही दिवसांतच ती पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला आणि युद्धानंतर जुन्याच आखणीवर घरे उभी केली, वर आणखी काही वाढवली. संस्थेचा खर्च मुख्यतः तिच्या मालकीच्या जंगलांच्या उत्पन्नातून आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्कातून चालतो. आज तेथे सुमारे दीडशे माणसे राहतात. त्यांचे वर्षाचे भाडे, वीज-पाण्याचा आणि इतर खर्च वगळता, त्या एका गुल्डनच्या हिशेबाने ०.८८ युरो आहे. रात्री दहाला वेशीचे दार बंद होते, आणि त्यानंतर येणारा रहिवासी पहारेकऱ्याच्या हातावर किरकोळ नाणे ठेवून आपल्या गल्लीकडे वळतो.